उतरता हुंकार

म्हातारी माणसं तेच तेच सांगतात, ही तक्रार महाराष्ट्रातल्या घराघरांतून नाहीशी झाली, त्याला आता चार वर्षं होत आली होती. कुर्डुवाडी स्टेशनाबाहेरच्या कट्ट्यावर संध्याकाळी सात-आठ निवृत्त रेल्वेवाले बसत. पूर्वी तिथे एकाच बदलीची कहाणी आठवड्यातून चार वेळा ऐकावी लागे. आता मंडळी गुमान बसून येणारी-जाणारी माणसं बघत. ज्याला जे सांगायचं असे ते तो घरीच, मनगटाला सांगून मोकळा झालेला असे. मनगटावर कडं असे आणि कडं हुंकार देई.

हे कडं ज्या चार-पाच जणांनी घडवलं, त्यांत रेवा रणदिवे होती. यंत्राने माणसाला उत्तर कसं द्यावं हे ठरवणं, एवढंच तिचं काम. लोकांना वाटतं, यंत्राने काम केलं की झालं. तसं नसतं. लिफ्टचं बटण दाबल्यावर त्यात उजेड आला नाही, तर शहाणासुरता माणूसही ते सात वेळा दाबतो. काम होणं वेगळं आणि ते झाल्याचं कळणं वेगळं. कळवायचे रस्ते तीन: कानाला आवाज, डोळ्यांना हलतं चित्र, कातडीला स्पर्श. तिन्ही एकाच क्षणी, एकाच तालात आले की मेंदूचा जीव भांड्यात पडतो.

गावात एकट्या राहणाऱ्या आईबापांना दूरच्या मुलांशी वाटेल तेव्हा बोलता यावं, म्हणून कडं काढलं होतं. म्हाताऱ्यांनी बोलायचं, कडं ते मुलांकडे पोचवणार. पहिल्या कड्यात बोलणं गेलं की 'टिंग' वाजे आणि हिरवी खूण दिसे. म्हाताऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. "गेलं का गं? ऐकलंस का?" असं विचारत ती मंडळी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत. तेव्हा रेवाला आपले बाबा आठवले. लहानपणी ते स्टेशनातल्या गोष्टी सांगत, तेव्हा प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणावं लागे. एकदा जरी चुकलं तरी बाबा थांबत आणि विचारत, "झोपलीस का?" मग तिने ठरवलं, यंत्राने हुंकार द्यायचा. तोही पोटच्या पोराच्या आवाजात, वाक्य क्रियापदावर येऊन टेकलं की लगेच. सोबत कड्यावर उजेडाचं एक वर्तुळ आत आत जाऊन निवायचं आणि कुणी हात हातात घेऊन दाबावा तसा मनगटावर हलका दाब यायचा.

पण हुंकार सगळे सारखे नसतात. शेवटी वर चढणारा 'हं?' म्हणजे प्रश्न. एका पट्टीत राहणारा 'हं' म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. आणि शेवटी खाली उतरणारा 'हं' म्हणजे ऐकलं, कळलं, झालं. चारशे घरांत तिन्ही लावून पाहिले. सरळ हुंकाराने म्हातारी माणसं तासन्‌तास बोलत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करत. उतरत्या हुंकाराने ती एकदाच सांगत, सुस्कारा टाकत आणि उठून चहा टाकत. मुलं खूश, कंपनी त्याहून खूश. 'उतरता ठेवावा' हा शेरा रेवाने स्वतःच्या हाताने मारला. ऐकतेय आणि ऐकलं, शेवटच्या अक्षरांचा काय तो फरक. तो तिला तेव्हा फारसा मोठा वाटला नाही.

मुलांच्याही मनगटावर कडं असे. त्यावर सार उमटे: 'बाबा बोलले. अकरा मिनिटं. तातडीचं काही नाही.' सवड असेल त्याने मूळ बोलणं उघडून ऐकावं. सवड कुणालाच नसे. साराच्या ओळीवर बोट फिरवलं की ती कागदासारखी दुमडून आत जाई, बारीक 'टप' होई, मनगट दाबलं जाई. त्याबरोबर मूळ बोलणं कायमचं पुसलं जाई. आईबापांची घरगुती बोलणी कंपनीकडे साठून राहू नयेत, हा आग्रह रेवाचाच होता आणि तो तिने भांडून पुरा करून घेतला होता.

रेवाच्या आईने, मंजिरीबाईंनी, बाजारात येण्याआधी चाचणीसाठी दिलेलं कडं घातलंच नाही. "बोलायचं असेल तर समोर ये," त्या म्हणाल्या. "मनगटाशी बोलायला मला काय वेड लागलंय?" त्यावरून मायलेकींचं बिनसलं. पुढचे आठ महिने फोनवर 'जेवलीस का' आणि 'जेवले' यापलीकडे बोलणं गेलं नाही. मग आई आजारी पडून सोलापूरच्या दवाखान्यात गेली. नेमकं त्याच आठवड्यात कडं बाजारात यायचं होतं. "सोमवारी येते," रेवाने कळवलं. आई रविवारी दुपारी गेली. दवाखान्यातल्या आयाबाईंनी नंतर सांगितलं, दार वाजलं की तुमची आई मान वर करून विचारायची, रेवा आली का.

शेवटच्या तासाला तिच्यापाशी फक्त बाबा होते. दहाव्याच्या दिवशी त्यांनी रेवाला बाजूला घेतलं होतं. "तुझ्या आईने तुझ्यासाठी निरोप ठेवलाय. मलाच सांगितलाय, तुलाच द्यायचाय. जरा सावर, मग सांगतो."

रेवा सावरली नाही. खरं तर ती घाबरली. निरोप काय असेल याचा विचार आला की ती कामाला लागे आणि काम भरपूर होतं. बाबांनी मात्र कडं घातलं. लेकीने केलेलं म्हणून कौतुकाने घातलं. चार वर्षं अशी गेली. या डिसेंबरात ती आठ दिवसांची रजा काढून कुर्डुवाडीला आली, ती मनाचा हिय्या करूनच. एकदाचं विचारायचं आणि जे असेल ते ऐकून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात खुर्च्या टाकून दोघं चहा पीत होते. उमाकांत रणदिवे म्हणजे ऐंशीच्या घरातला, ताठ कण्याचा माणूस. सारी नोकरी लहान लहान स्टेशनांत स्टेशनमास्तर म्हणून केलेली.

"बाबा," रेवा म्हणाली, "आईचा तो निरोप. आज सांगा मला."

बाबांनी कप खाली ठेवला. "कुठला निरोप?"

"आईने शेवटी तुम्हाला सांगितलेला. माझ्यासाठी."

"तो होय! तो दिला की गं तुला." बाबा हसले. "वर्ष होऊन गेलं. इथंच बसलो होतो. सगळं सांगितलं, अगदी तिच्या शब्दांत. तू 'हं' म्हणालीस. जास्त काही बोलली नाहीस. मी म्हटलं, भरून आलं असेल पोरीला."

रेवाला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तरी तिने आवाज साधा ठेवला. "पुन्हा एकदा सांगा ना. मला परत ऐकायचाय."

"सांगतो की," म्हणून बाबांनी तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. कपाळावर आठ्या आल्या, गेल्या. "बघ बाई. आता नाही येत ते शब्द. अगं, दिल्यावर कशाला लक्षात ठेवतोय? आमच्या वेळी गाडी पुढच्या स्टेशनात शेपटीच्या दिव्यासकट पोचली की तिथला मास्तर घंटी द्यायचा. घंटी आली की ती गाडी डोक्यातून काढायची. नाही काढली तर पुढची कशी घेणार?" आणि ते निवांतपणे उरलेला चहा प्यायले.

त्याच दुपारी रेवा सोलापूरला डॉक्टर नसरीन मुजावर यांच्याकडे गेली. नसरीनताई मेंदूच्या डॉक्टर. कड्याच्या चाचण्यांत मेंदूची मोजमापं त्यांनीच घेतली होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझे बाबा विसरभोळे झालेले नाहीत, रेवा. त्यांची मिटवणी झालीय."

"म्हणजे?"

"अपुरं काम मेंदू जपून ठेवतो. गॅसवर दूध ठेवून तू दार उघडायला गेलीस, तरी दूध डोक्यात असतं की नाही? टोचत असतं. ही टोचणी फार कामाची. दूध उतरवलं की टोचणी संपते आणि मेंदू ती गोष्ट अडगळीत टाकतो. त्याला मी मिटवणी म्हणते. रोजच्या जगण्यात ती नेहमी अर्धीमुर्धीच होते. माणूस ऐकतो, पण त्याचं लक्ष नसतं, तो उलट काहीतरी विचारतो, उगाच वाद घालतो. त्यामुळे सांगणाऱ्याच्या मनात थोडं शिल्लक राहतं. म्हणून तर आपण पुन्हा पुन्हा सांगतो आणि म्हणून आपल्या लक्षात राहतं. तुझा उतरता हुंकार मात्र पुरा होता. आवाज, उजेड, स्पर्श, तिन्ही अचूक वेळेला. इतकी चोख मिटवणी माणसाच्या मेंदूने कधी अनुभवलीच नव्हती."

"मग हे आधी का नाही सांगितलंत मला?"

"मला तरी कुठे कळलं? म्हातारी माणसं शांत झाली, झोपायला लागली. आपण दोघींनी मिळून त्यावर भाषणं दिली, हार घालून घेतले. शांत माणसाला काय हरवलंय ते विचारायला कोण जातं?" नसरीनताईंनी चष्मा पुन्हा घातला. "आणि एकट्या बाबांचं नाही. त्यांचं बोलणं आलं, तू बोट फिरवलंस. तुझीही मिटवणी. चार वर्षांत त्यांनी तुला काय काय सांगितलं, एक तरी गोष्ट आठवते?"

रेवाने आठवून पाहिलं. हजारभर तरी बोलणी झाली असतील. एकही आठवेना. आपण वडिलांचं सगळं वेळच्या वेळी ऐकलंय, एवढं समाधान मात्र शाबूत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"शब्द परत येतील का?"

"एकच रस्ता आहे. काम झालेलंच नाही, हे त्यांच्या मेंदूला पटवायचं. मग टोचणी परत येते. शब्द येतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. टोचणी नक्की येईल. नीट विचार कर. आज ते सुखात आहेत."

रेवाने रात्रभर विचार केला. बाबा सुखात होते, हे तिला दिसत होतं. बायकोने टाकलेलं शेवटचं काम आपण पार पाडलं, या विश्वासावर ते जेवत होते, झोपत होते. त्याला हात लावायचा नाही, असं तिने पाच वेळा ठरवलं. पण आई आपल्यावर रागावून गेली की राग सोडून गेली, हे जगात फक्त या एका डोक्यात होतं. ते आपल्याला हवं होतं. तो निव्वळ स्वार्थ होता, हे रेवाला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं.

बाबांनी मनगटावरच्या कड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे ते 'हं' तू म्हणाली नव्हतीस?"

"नाही, बाबा. कड्याने म्हटलं. आवाज फक्त माझा होता."

"पुढच्या स्टेशनात मास्तर नसताना घंटी वाजवली?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "अगं, असं कुणी करतं का? माणसं असतात गाडीत."

त्यांनी कडं काढलं आणि टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत ठेवून दिलं. त्या दुपारपासून टोचणी सुरू झाली. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत. ताटावर बसत आणि घास हातात धरून राहत. "रेवा, तुला काहीतरी सांगायचंय" म्हणून हाक मारत आणि ती धावत आली की तिच्याकडे नुसतं बघत बसत. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होईल असे ते डोळे होते.

पाचव्या दिवशी सकाळी ते आनंदाने ओरडलेच. "आठवलं! ती म्हणाली, रेवाला सांगा, माझा राग गेलाय. पोरीने मनाला लावून घेऊ नये."

रेवा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. चार वर्षांचं रडू होतं ते. पण जेवणाच्या वेळेपर्यंत बाबांचा चेहरा पुन्हा ओढला गेला होता. "ते नव्हतं गं. आत्ता खरं आठवलं. ती म्हणाली, आता येऊ नको म्हणावं तिला. यायचं तेव्हा आली नाही." आणि संध्याकाळी तिसराच निरोप: कपाटातल्या जांभळ्या साडीचा. तिन्ही त्यांनी तितक्याच खात्रीने सांगितले. तिन्ही आईच्या तोंडी शोभणारे होते.

"हा भरणा," नसरीनताई फोनवर म्हणाल्या. "टोचणी आली, शब्द आले नाहीत. मेंदूला पोकळी सहन होत नाही, तो ती भरत सुटतो. कुठला खरा, ते त्यांनाही कळणार नाही आणि तुलाही."

"किती दिवस चालेल हे?"

"मिटवणी होईपर्यंत. आणि मिटवणीला खरं-खोटं कळत नाही, रेवा. तिला फक्त घंटी कळते."

सातव्या दिवशी बाबा अंथरुणातून उठले नाहीत. रेवा उशाशी बसली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "एक काम सांगितलं होतं तिने. उभ्या जन्मात फार काही मागितलं नाही गं तिने माझ्याकडे. हे एक सांगितलं होतं."

रेवा उठली, वाटीतलं कडं घेऊन आली. बाबांनी ते पाहिलं आणि मनगट पुढे केलं. तिने ते त्यांच्या हातात चढवलं.

"काय सांगू?" बाबांनी विचारलं. "मला तर तिन्ही खरे वाटतात. तूच सांग. तू सांगशील ते मी म्हणतो."

आईने आपल्यासाठी ठेवलेला निरोप आता रेवालाच रचायचा होता. माफीचं वाक्य अगदी ओठांवर आलं. ते म्हणून टाकलं असतं तर तिला अडवणारं कुणी नव्हतं. पण ते तिच्याने म्हणवेना. दुसरं काही आईच्या ढंगाने बोलून बघावं, तर तिला आईचा ढंग जमेना. आठ महिन्यांची 'जेवलीस का' तेवढी कानात होती. आपल्याच आईची नक्कल करण्याइतकीही ती आपल्याकडे उरलेली नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. शेवटी जे नक्की खरं होतं, ज्याला आयाबाई साक्षी होत्या, तेच तिने उचललं.

"म्हणा, बाबा. 'रेवा, तुझ्या आईने निरोप दिलाय.'"

"रेवा, तुझ्या आईने निरोप दिलाय."

"'ती म्हणाली, मी शेवटपर्यंत तुझी वाट बघितली.'"

बाबांनी ते वाक्य हळू, जपून म्हटलं. 'बघितली'वर ते टेकले आणि कड्यातून पाच वर्षांपूर्वीची रेवा म्हणाली, "हं." उजेडाचं वर्तुळ आत आत गेलं आणि निवलं. बाबांच्या मनगटावर दाब आला असणार, कारण त्यांची बोटं सैल सुटली. मग खांदे, मग कपाळ. शब्द लेकीने घातलेले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मेंदूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी मोठा सुस्कारा टाकला.

"दिला गं बाई एकदाचा," ते म्हणाले. "भाकरी आहे का काही? भूक लागलीय."

रेवाच्या मनगटावर ओळ उमटली: 'बाबा बोलले. एक मिनिट. तातडीचं काही नाही.' ती बाबांचं ताट वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याच्या गाडीत बसली. बाबा स्वतः पोचवायला आले होते. गाडी वेळेवर सुटली म्हणून त्यांनी फलाटावरच्या पोराबाळांदेखत कौतुक केलं. दौंड मागे पडल्यावर नसरीनताईंचा फोन आला.

"कसे आहेत बाबा?"

"मजेत. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. आज कट्ट्यावर जाणार म्हणाले."

"सुटले बिचारे. शेवटी काय घातलंस त्यांच्या तोंडी?"

रेवाने सांगायला तोंड उघडलं. खिडकीबाहेर उसाची शेतं मागे पळत होती. तिने क्षणभर डोळे मिटून बघितलं. "अहो, साधंच होतं काहीतरी," ती म्हणाली. "आईचा निरोप होता ना. मिळाला मला."

नसरीनताईंनी लगेच विचारलं. "रेवा, ती ओळ आली तेव्हा तू बोट फिरवलंस का?"

"फिरवलं असेल. ताट वाढता वाढता, सवयीने. का?"

"काही नाही," नसरीनताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

रेवाला त्यांचं वागणं जरा विचित्र वाटलं. तिला स्वतःला तर बरं वाटत होतं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. तिने आईची आठवण काढून पाहिली. आईचा चेहरा आला, दवाखान्यातली खाट आली, ते दारही आलं. टोचलं मात्र कुठेच नाही.